अम्मी-अब्बांचाच खेळ

खेड तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र सात पानांचे आहे, त्यामुळे सगळे छापता येणार नाही, आणि नाव-गाव छापू नये अशी त्यांचीही विनंती आहे. थोडक्यात हकीगत अशी. त्यांचे शौहर तरुणपणी क्रिकेट खेळायचे. जिल्ह्याच्या संघात निवड झाली आणि त्याच महिन्यात आखाताचा व्हिसा आला. घरची परिस्थिती बेताची, पाठच्या दोन बहिणी लग्नाच्या. बॅट माळ्यावर ठेवून ते गेले. कायमचे परत आले तेव्हा मुलगा बारा वर्षांचा झाला होता. आता रोज फजरची नमाज झाली की बाप-लेक मैदानावर. मुलगा आधी कुरकुर करायचा, मग रडायचा, आता काहीच बोलत नाही. भगिनी विचारतात, "मी मध्ये पडू की नको? बापाचे राहून गेलेले मुलाने पुरे केले तर त्यात वाईट काय?"

आम्ही पत्र दोनदा वाचले. शौहरांच्या खेळाबद्दल त्यात पुष्कळ आहे. कोणत्या सामन्यात किती धावा, कोणत्या गावाला कसे हरवले, भगिनींना सगळे तोंडपाठ. मुलाला काय आवडते हे मात्र सात पानांत कुठे सापडले नाही.

सरळ उत्तर देण्याइतके शहाणे आम्ही नाही. पण पत्र वाचताना एक घर सारखे आठवत राहिले. ते ऑस्ट्रेलियात, सिडनी शहराच्या पश्चिमेला पेनरिथच्या बाजूला आहे. घरातले अब्बा जगज्जेते, अम्मी जगज्जेती, दोन मुली. दोन्ही मुली अम्मी-अब्बांचाच खेळ खेळतात आणि दोघींकडे ऑलिम्पिकचे सुवर्णपदक आहे. आई-बापाचे अपुरे स्वप्न मुलींनी पुरे केले, अशी ही गोष्ट सांगायचा मोह कोणालाही होईल. आम्हालाही झाला होता. पण जरा जवळून पाहिले तर ती तितकी सरळ नाही. म्हणून या महिन्याचे पान त्या फॉक्स कुटुंबाला.

आधी खेळ समजून घेऊ, कारण आपल्या घरांत तो फारसा कोणी पाहिलेला नसेल. नाव कॅनो स्लॅलम. रायगडमधल्या वाचकांना कोलाड माहीत आहे. तिथे कुंडलिका नदीत सकाळी वरच्या वीजघराचे पाणी सोडतात, आणि ते पाणी आले की मुंबई-पुण्याची मंडळी रबरी होड्यांत बसून ओरडत खाली जातात. तसलेच उसळते, फेसाळते पाणी डोळ्यांसमोर आणा. त्यावर आडव्या तारा ताणल्या आहेत आणि तारांना जोडीजोडीने दांड्या लटकवल्या आहेत. दोन दांड्यांचे मिळून एक गेट. अशी जास्तीत जास्त पंचवीस गेट. हिरवे गेट असेल तर प्रवाहाबरोबर खाली जाताना पार करायचे. लाल असेल तर होडी वळवून प्रवाहाच्या उलट वर चढत पार करायचे, आणि अशी लाल गेट किमान सहा असतात. होडी साडेतीन मीटर लांबीची, अरुंद, खांद्यावर टाकून सहज नेता येईल इतकी हलकी. सगळा मामला शंभरेक सेकंदांचा.

एवढ्यावर भागले असते तर ताकदवान माणूस जिंकला असता. पण दांडीला होडी, वल्हे, कोपर, डोक्यावरचे शिरस्त्राण, काहीही लागले तर दोन सेकंद दंड. गेट चुकले तर पन्नास सेकंद, म्हणजे शर्यत तिथेच संपली. जगातल्या पहिल्या तिघींमध्ये अनेकदा एक सेकंदाचाही फरक नसतो. तिथे दोन सेकंद म्हणजे काय, ते तुम्हीच पाहा.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार भावली. स्पर्धेची गेट नव्याने टांगतात आणि त्या मांडणीवर सराव करायला कोणालाच परवानगी नसते. खेळाडू काठावरून चालत जातात, पाणी निरखतात, डोळे मिटून हात हवेत हलवत अख्खी वाट पाठ करतात. परीक्षेच्या आदल्या रात्री आपली मुले ओसरीवर येरझाऱ्या घालत पाठांतर करतात ना, अगदी तसे. मग पाण्यात उतरायचे ते थेट शर्यतीलाच. पाणी काही पाठ केल्याप्रमाणे वागत नाही, हा भाग वेगळा.

होड्या दोन प्रकारच्या. कयाकमध्ये पाय पुढे पसरून बसायचे, हातात दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे. कॅनोमध्ये गुडघ्यांवर बसायचे आणि वल्ह्याला पाते एकच. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे तो फार महत्त्वाचा होणार आहे.

आता अब्बा. रिचर्ड फॉक्स हे इंग्लंडचे. पुरुषांच्या कयाकमध्ये ते १९८१, १९८३, १९८५, १९८९ आणि १९९३ असे पाच वेळा वैयक्तिक जगज्जेते झाले. त्या काळात या खेळात त्यांच्याइतके मोठे नाव नव्हते. पण ऑलिम्पिक? स्लॅलम १९७२ मध्ये म्युनिकच्या ऑलिम्पिकमध्ये एकदा झाले आणि मग वगळले गेले. ते परत आले वीस वर्षांनी, १९९२ मध्ये, बार्सिलोनाच्या वेळी. रिचर्ड यांचा जन्म १९६०चा. म्हणजे विशी ते तिशीची सगळी वर्षे, जेव्हा ते जगात अव्वल होते, तेव्हा त्यांच्या खेळाला ऑलिम्पिकचा दरवाजा बंद. दरवाजा उघडला तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते. शर्यत झाली आणि ते चौथे आले. पदके तीनच असतात. पुढच्याच वर्षी ते पुन्हा जगज्जेते झाले, यावरून चौथा क्रमांक किती जवळचा आणि किती दूरचा होता ते कळते.

खेडच्या भगिनीच्या शौहरांना आखाताने थांबवले, रिचर्ड यांना नियमांनी. दुःखाची जात वेगळी, पण ते घरी घेऊन येणारा माणूस सारखाच.

अम्मी मिरियम जेरुसालमी या फ्रान्सच्या, मार्सेय शहराच्या. त्याही कयाकच्या जगज्जेत्या. थोरली मुलगी जेसिका जून १९९४ मध्ये मार्सेयलाच जन्मली. त्यानंतर दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, अटलांटा ऑलिम्पिकमध्ये मिरियम यांनी कांस्यपदक जिंकले. वय चौतीस, घरी दोन वर्षांची मुलगी. आमच्या वाचक भगिनींपैकी ज्यांनी दोन वर्षांचे मूल सांभाळत बी.एड. केले आहे किंवा शिवणकाम केले आहे, त्यांना या पदकाची किंमत आमच्यापेक्षा जास्त कळेल. पुढच्या वर्षी धाकटी नोएमी जन्मली.

सिडनीला २०००चे ऑलिम्पिक होणार होते. रिचर्ड यांना ऑस्ट्रेलियाच्या संघाला शिकवण्याचे काम मिळाले आणि सगळे कुटुंब तिकडे गेले. जेसिका तेव्हा चार वर्षांची. पेनरिथला त्या ऑलिम्पिकसाठी कृत्रिम नदी बांधली होती. पंपाने पाणी वर चढवायचे, उतारावरून खाली सोडायचे, आणि खाली पोचलेल्या होड्या खेळाडूंसकट सरकत्या पट्ट्यावरून पुन्हा वर. अम्मी-अब्बांचे ऑफिस म्हणा ना ते. दोन्ही मुली त्या काठावर वाढल्या.

आता कोणालाही वाटेल, या मुलींना चालता येण्याआधी वल्हे दिले असणार. तसे झाले नाही. लहान जेसिका जिम्नॅस्टिक्स करायची, पोहायची. या खेळाकडे ती वळली ती साधारण अकरा-बारा वर्षांची झाल्यावर, आणि कारण अम्मी-अब्बा नव्हते. जिम्नॅस्टिक्स करताना तिचा हात मोडला. हाडाला पुन्हा ताकद यावी म्हणून फिजिओथेरपिस्टने वल्हवायचा व्यायाम सुचवला. जगातले दोन सर्वांत जाणते शिक्षक घरात असताना मुलगी खेळाला लागली ती हाताच्या उपचारासाठी! आम्हाला या गोष्टीतला हा तुकडा सगळ्यांत मोलाचा वाटतो. नदी घराजवळ होती, होडी होती, शिकवणारे होते, आणि तरी त्यांनी दहा-अकरा वर्षे वाट पाहिली. कोणाला हे नशीब वाटेल. आम्हाला त्यात आई-बापाचा सबरही दिसतो.

एकदा वळली म्हटल्यावर मात्र ती थांबली नाही. २०१० मध्ये सिंगापूरला पहिले युवा ऑलिम्पिक झाले, त्यात सुवर्ण. २०१२ मध्ये लंडन. वय अठरा. पहिलेच ऑलिम्पिक, आणि कयाकमध्ये रौप्यपदक. फ्रान्सची एमिली फेर एका सेकंदापेक्षाही कमी फरकाने पुढे राहिली. अठराव्या वर्षी मुलगी अम्मीच्या पदकाच्या एक पायरी वर गेली होती. घरात त्या रात्री काय बोलणे झाले असेल कोण जाणे. अम्मी या वेळेपर्यंत तिची प्रशिक्षकही होती.

आई आणि शिक्षिका एकच असली की काय होते, हे शिक्षकांच्या घरात वाढलेल्या आमच्या वाचकांना सांगायला नको. वर्गात "बाई" म्हणायचे आणि घरी "अम्मी". वर्गातली चूक जेवायच्या वेळी निघते. आमच्या माहितीतली एक शिक्षिका स्वतःच्या मुलाला शाळेत जरा जास्तच ओरडायची, कोणी पक्षपात म्हणू नये म्हणून. फॉक्स माय-लेकींनी हे नाते एक-दोन नव्हे, कित्येक वर्षे टिकवले, आणि ती वर्षे सगळी विजयाची नव्हती.

कारण लंडननंतर सगळ्यांनी गृहीत धरले की पुढचे सोने हिचेच. जागतिक स्पर्धांत ती जिंकतही होती. २०१४ मध्ये तिने कयाक आणि कॅनो दोन्हींत जगज्जेतेपद मिळवले, २०१८ मध्ये पुन्हा तेच. पण मधल्या २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये कयाकचे पदक कांस्य. सोने गेले स्पेनच्या मायालेन शोरॉट यांच्याकडे. त्या लंडनला तिसऱ्या होत्या, २०१३ मध्ये आई झाल्या आणि तीन वर्षांनी ऑलिम्पिकविजेत्या. प्रशिक्षक कोण, तर त्यांचे पती. या खेळात घरे घरे आहेत, असे आम्ही म्हणतो ते उगाच नाही.

आता तो गुडघ्यांवर बसण्याचा फरक. २०१६ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये स्लॅलमच्या चार स्पर्धा असत. त्यांतल्या तीन पुरुषांच्या, एक बायकांची. कॅनो फक्त पुरुषांसाठी, एकेरीही आणि दुहेरीही. बायकांनी बसायचे ते कयाकमध्येच. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत बायकांच्या कॅनोला पदकाची स्पर्धा म्हणून जागा मिळाली तीही २०१० मध्ये. जेसिकाने २०१३ मध्ये ते विजेतेपद घेतले. तिच्या पिढीतल्या मुली दरवर्षी या प्रकारात उतरत होत्या, वेळ सुधारत होत्या, आणि चार वर्षांनी ऑलिम्पिक आले की घरी बसत होत्या. जिंकायची शक्यता सर्वांत जास्त ज्या प्रकारात, तोच प्रकार तिच्यासाठी नाही.

इथे बापाची गोष्ट मुलीच्या वाट्याला आली. त्यांच्या वेळी अख्खा खेळ बंद होता, हिच्या वेळी अर्धा. फरक एवढाच की हिचा दरवाजा वेळेत उघडला. टोकियोसाठी पुरुषांची दुहेरी काढून बायकांची एकेरी कॅनो आली आणि दोन पुरुषांच्या, दोन बायकांच्या अशी बरोबरी झाली. दुहेरी खेळणाऱ्या पुरुषांचा यात बळी गेला, हेही नमूद करायला हवे. त्यांतल्या अनेकांचे आयुष्य त्या होडीत गेले होते. एकाला न्याय देताना दुसऱ्याचे ताट ओढले जाते, हे आपल्याकडच्या आरक्षणाच्या वादापासून घरातल्या वाटण्यांपर्यंत सगळीकडे दिसते. तरीही तीनास एक हे प्रमाण कोणत्याही हिशोबाने बरोबर नव्हते.

टोकियो ऑलिम्पिक करोनामुळे एक वर्ष उशिरा, २०२१ मध्ये झाले. २७ जुलैला कयाकची अंतिम शर्यत. जेसिका उपान्त्य फेरीत सर्वांत वेगवान होती, म्हणून तिची पाळी शेवटी. ती खाली पोचली तेव्हा पाण्यावरचा वेळ होता १०२.७३ सेकंद. जर्मनीच्या रिकार्डा फुंकचा वेळ होता १०५.५०. म्हणजे वेगात जेसिका जवळपास पावणेतीन सेकंदांनी पुढे. पण तिने दोन दांड्यांना स्पर्श केला होता. दोन आणि दोन चार. १०६.७३. स्पेनच्या शोरॉट १०६.६३ वर. सोने गेले, रौप्यही सेकंदाच्या एक दशांशाने गेले. एक स्पर्श झाला असता आणि दुसरा टळला असता, तरी सोने तिचे होते.

आमच्या घरी त्या दिवशी आम्ही हा हिशोब कागदावर दोनदा करून पाहिला. पटत नव्हते. जी सर्वांत जलद, ती तिसरी?

पण खेळ असाच आहे, आणि त्यात अन्याय नाही. घाईचा दंड आधीच ठरलेला असतो, सगळ्यांना सारखा. रिकार्डा फुंक जरा हळू गेली आणि कशालाही शिवली नाही. तिचे सोने पूर्णपणे तिचे.

दोन दिवसांनी, २९ जुलैला, बायकांच्या कॅनोची ऑलिम्पिकमधली पहिलीवहिली अंतिम शर्यत. या दोन दिवसांत माय-लेकी काय करत असतील याचा आम्ही बराच विचार केला. मुलगी सत्तावीस वर्षांची, तीन ऑलिम्पिक, एक रौप्य, दोन कांस्य. समोर आहे ती व्यक्ती आईही आहे आणि प्रशिक्षकही. आईने म्हणावे, "जाऊ दे बेटा." प्रशिक्षकाने म्हणावे, "त्या गेटला खांदा आत घ्यायला हवा होता." दोन्ही खरे, आणि दोन्ही एकाच तोंडून यायचे. आम्ही असतो तर बहुधा चुकीचे वाक्य चुकीच्या वेळी बोललो असतो.

जेसिका कॅनोत उतरली आणि १०५.०४ सेकंदांत खाली आली. या वेळी एकाही दांडीला स्पर्श नाही. दुसऱ्या क्रमांकावरची ब्रिटनची मॅलरी फ्रँकलिन साडेतीन सेकंदांहून जास्त मागे. इतका मोठा फरक या खेळात क्वचित दिसतो. फॉक्सांच्या घरात ऑलिम्पिकचे पहिले सोने आले ते त्या होडीत, जिच्यात बायकांना पाच वर्षांपूर्वीपर्यंत ऑलिम्पिकमध्ये बसू दिले जात नव्हते. आणि नीट पाहिले तर अम्मी-अब्बा दोघेही कयाकचे. हे सोने त्यांच्या स्वप्नातले नव्हतेच. ते मुलीचे स्वतःचे होते.

कयाकचे सोने आले आणखी तीन वर्षांनी, २०२४ मध्ये पॅरिसला. लंडनच्या रौप्यापासून मोजले तर बारा वर्षांनी. शर्यती पॅरिसच्या पूर्वेला वेर-सुर-मार्न इथे होत्या, म्हणजे अम्मीच्या मुलखात, तिच्या जन्मदेशात. उद्घाटनाला सीन नदीवरच्या मिरवणुकीत ऑस्ट्रेलियाचा झेंडा तिच्या आणि हॉकीपटू एडी ऑकेंडन यांच्या हातात होता. दोनच दिवसांनी, २८ जुलैला, ९६.०८ सेकंदांत तिने कयाक जिंकले. ३१ जुलैला कॅनोही. एकाच ऑलिम्पिकमध्ये दोन्ही होड्यांत सोने तिच्याआधी कोणी घेतले नव्हते. याच ऑलिम्पिकदरम्यान खेळाडूंनी मतदान करून तिला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या खेळाडू आयोगावरही निवडून दिले.

बहुतेक ठिकाणी तिची गोष्ट इथे संपवतात. आमची मात्र खरी उत्सुकता धाकटीबद्दल होती.

नोएमी जेसिकापेक्षा तीनेक वर्षांनी लहान. तीही याच नदीत वाढली, याच अम्मीकडे शिकली, जागतिक स्पर्धांत उतरली. पण ऑलिम्पिकचा एक नियम आहे. स्लॅलमच्या कयाकमध्ये एका देशाची एकच बाई, कॅनोतही एकच. ऑस्ट्रेलियाची ती जागा कोणाची असायची, हे सांगायला नको. जगातली सर्वोत्तम खेळाडू तुमच्याच घरात, तुमच्याच शेजारच्या खोलीत. तुम्ही जगात कितव्याही असा, देशात दुसऱ्या. घरातही दुसऱ्या. लंडन, रिओ, टोकियो, तिन्ही वेळा थोरली गेली.

आपल्याकडे थोरलीचे कपडे धाकटीला येतात, पुस्तके येतात, शाळेत पोचल्यावर "तू अमकीची बहीण ना?" हा प्रश्न येतो, आणि थोरली हुशार असेल तर तो प्रश्न दहावीपर्यंत पिच्छा सोडत नाही. किती धाकट्या भावंडांनी तेवढ्यासाठी वेगळी शाळा, वेगळा विषय, वेगळे गाव निवडले आहे! नोएमीनेही होडी सोडली असती तर कोणी तिला नावे ठेवली नसती. उलट आम्हीच म्हटले असते, शहाणी मुलगी.

पॅरिसला एक नवा प्रकार आला, कयाक क्रॉस. यात घड्याळाशी शर्यत नसते. चार जणी उंच फळीवरून एकदम पाण्यात पडतात आणि एकमेकींना ढकलत, अडवत खाली जातात. वाटेत एका ठिकाणी होडीसकट पाण्याखाली गोल फिरून पुन्हा वर यावे लागते. पोहणाऱ्या मुलांना हे दाखवाच, हसून बेजार होतील. या प्रकारात एका देशाच्या दोघी चालतात. म्हणजे धाकटीसाठी प्रथमच एक जागा थोरलीच्या शेजारी होती. पण तीही मिळवावी लागणार होती. जून २०२४ मध्ये प्राग शहरात शेवटची पात्रता स्पर्धा झाली. ऑलिम्पिकला दोन महिनेही उरले नव्हते. नोएमीने तिथे जागा पटकावली. वय सत्तावीस, पहिले ऑलिम्पिक.

आणि पॅरिसला सोडतीने काय करावे? प्राथमिक फेऱ्यांपैकी एका फेरीत दोघी बहिणी एकाच शर्यतीत आल्या. सोबत ब्रिटनची किंबर्ली वूड्स, तीही पदकाची दावेदार. पुढे दोघीच जाणार. वूड्स गेली आणि नोएमी गेली. दोन सुवर्णपदके गळ्यात घातलेली जेसिका बाहेर. धाकटीने थोरलीला हरवले, तेही साऱ्या जगासमोर, अम्मीच्या देशात. काठावर उभ्या असलेल्या अम्मीने त्या क्षणी कोणासाठी टाळ्या वाजवायच्या? दोन मुलगे एकाच नोकरीच्या मुलाखतीला बसवलेल्या आयांनी याचे उत्तर द्यावे. आम्हाला सुचत नाही.

५ ऑगस्टला अंतिम शर्यत. नोएमी पहिली, फ्रान्सची अँजेल ह्यूग दुसरी, वूड्स तिसरी. नोएमीने रेषा ओलांडली तशी जेसिकाने कपड्यांसकट पाण्यात उडी मारली आणि पोहत जाऊन धाकटीला मिठी मारली. ते चित्रण आम्ही कितीदा पाहिले, मोजलेले नाही. स्वतःची तीन सुवर्णपदके घेताना जेसिकाचा चेहरा आम्हाला इतका मोकळा दिसला नव्हता. एरवी तिच्या आनंदात थोडा सुटकेचा भाग असायचा. त्या दिवशी तो नव्हता.

या घरात आता ऑलिम्पिकची आठ पदके आहेत. अम्मीचे एक, थोरलीची सहा, धाकटीचे एक. अब्बांचे एकही नाही. पाच वेळा जगज्जेता झालेला माणूस या बाबतीत घरात सर्वांत मागे आहे, आणि त्यांच्या मुलींपैकी एकीचे पहिले सोने कॅनोतले, दुसरीचे कयाक क्रॉसमधले. त्यांच्या काळात यांतली एकही स्पर्धा बायकांसाठी ऑलिम्पिकमध्ये नव्हती, एक तर जन्मलीच नव्हती. मुलींनी बापाची राहिलेली शर्यत पुरी केली नाही. त्यांनी त्याच पाण्यात आपापल्या शर्यती शोधल्या. बारा वर्षे थांबून थोरलीने कयाकचेही आणले, पण तोवर त्याला कोणाच्या कर्जाची फेड म्हणायचे कारण उरले नव्हते.

आपल्याकडेही हा खेळ रुजतो आहे, हे जाता जाता सांगतो. महेश्वरला, अहिल्याबाईंच्या घाटांपासून जवळच, नर्मदा सहस्रधारेत खडकांमधून फुटून वाहते. २०२३च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या, तेव्हा स्लॅलमच्या शर्यती तिथेच झाल्या. महाराष्ट्रातून कोणाची मुले-मुली यात उतरली असतील तर आम्हाला जरूर कळवा, फोटोसह.

खेडच्या भगिनी, तुमचा प्रश्न होता की मध्ये पडू का. पहाटेचा सराव बंद करा असे आम्ही म्हणत नाही. शौहरांचे मन मोडेल आणि मुलाला कदाचित क्रिकेट आवडतही असेल, कोणी विचारलेलेच नाही. एक करून पाहा. पंधरा दिवस सुट्टी म्हणून फजरनंतर त्याला मोकळे सोडा. बापाने उठवायचे नाही, बॅट दारात ठेवायची नाही. तो कुठे जातो, काय करतो, कोणाबरोबर रमतो, एवढेच पाहायचे. आणि पुढचे पत्र पाठवाल तेव्हा शेवटचे पान मुलासाठी कोरे ठेवा. त्याच्या अक्षरात, त्याला हवे ते. आमच्याशी बोलायचे नसेल तर चित्र काढले तरी चालेल.